हिवाळा, घरकोंडी आणि सुई-दोरा: सध्या तुमच्या हातात काय आहे?

दोसुती
३ जानेवारी २०२१

मंडळी, नमस्कार. मार्चपासून इथे आपल्या फोरमवर खाण्यावरच्या चर्चांचे धागे उदंड झाले. डालगोना कॉफी झाली, कुकरमधला केक झाला, घरची पाणीपुरी झाली. नवऱ्याचे केस कसे कापावेत यावरही एक धागा होता. हातकामाचा मात्र एकही दिसला नाही, म्हणून हा काढते. भरतकाम, विणकाम, क्रोशे, गोधडी, रफू, काहीही चालेल. नुसतं बघायला आलात तरी चालेल.

आधी माझं सांगते. लॉकडाउनच्या सुरुवातीला घरातली सगळी जुनी सुती कापडं मी मास्कांत घालवली. तीन पदरी, चुण्यांचे. इलॅस्टिक कुठे मिळेनाच, तेव्हा परकराच्या नाड्या लावल्या. पण ते काम होतं, त्यात मजा नव्हती. गणपतीनंतर पुण्यात जे काही झालं त्यात झोपच उडाली. सोसायटीच्या ग्रुपवर रोज संध्याकाळी कोरोनारुग्णांचा वॉर्डनिहाय तक्ता यायचा आणि तो वाचल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही.

दिवाळीच्या आवराआवरीत सासूबाईंच्या ट्रंकेतून काळी इरकली साडी निघाली. सासूबाई माहेरच्या धारवाडच्या. पदरावर कर्नाटकी कशिदा, तिकडे कसुती म्हणतात तो. गोपुर, रथ, हत्ती, तुळशीवृंदावन. इतकी वर्षं 'छान आहे' म्हणून घडी घालत होते, या वेळी भिंग घेऊन बसले. यात कापडावर काही छापायचं नाही, पेन्सिलची रेघही नाही. कापडाचे धागे मोजायचे आणि टाका घालायचा. टाके चारच: गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. गवंतीत जाताना धावदोरा घालत जायचं आणि त्याच वाटेनं परत येताना राहिलेल्या फटी भरायच्या. नीट जमलं तर उलट-सुलट ओळखू येत नाही. गाठ मारायची नाही. दोऱ्याचं टोक टाक्यांखालीच दडवायचं. खरी मेख परतीच्या वाटेत आहे. कुठल्या फांदीवर आधी जायचं हे ठरवलं नसेल तर दोरा एका कोपऱ्यात जाऊन बसतो आणि तिथून बाहेर पडायला रस्ता नसतो.

यात ध्यान लागतं म्हणतात. मला काही लागत नाही. पोळ्या लाटताना, भांडी घासताना मन कुठंही उंडारतं. इथे चार धागे वर, चार खाली, डावीकडे दोन हे मोजताना काळजी करायला डोक्यात जागाच उरत नाही. आकडेच मोजायचे तर हे मोजावेत! तो तक्ता मी अजूनही बघते, फक्त हातातली ओळ संपल्यावर बघते.

तुमचं काय चाललंय?

मेतकूट
३ जानेवारी २०२१

अगदी वेळेवर धागा. मी क्रोशेवाली. सात साखळ्यांचा गोल, त्यात खांब, मग दोन साखळ्या एक खांब, असं करत करत टीपॉयवरचा रुमाल जेवणाच्या टेबलाएवढा झालाय. थांबवायचं कसं ते सांगा.

आडवातिडवा
३ जानेवारी २०२१

पुरुषांना प्रवेश आहे का? वर्क फ्रॉम होममध्ये कॅमेरा बंद ठेवून क्रोशे शिकतोय. मीटिंग जितकी निरर्थक तितकी वीण सुबक. सध्या मुका खांब आणि साधा खांब एवढंच येतं, पण त्या भांडवलावर मफलर चालू केलाय. बायको म्हणते मफलर आहे की कासरा ते एकदा ठरव.

दोसुती
३ जानेवारी २०२१

@आडवातिडवा, या या. फोटो टाका, कासऱ्याचा निकाल इथे लावू.

@मेतकूट, थांबवू नका. कडेला कंगोरे घाला आणि टेबलक्लॉथ म्हणून खपवा.

लेस्टरकर
५ जानेवारी २०२१

काल रात्री आठला इथे ब्रिटनचे पंतप्रधान टीव्हीवर आले आणि पुन्हा सगळं बंद. आमच्या लेस्टरला त्याचं काही नवल नाही. गेल्या जूनअखेर देशातली पहिली स्थानिक टाळेबंदी आमच्याच नशिबी आली होती आणि त्यानंतर शहर पूर्ण मोकळं असं झालंच नाही. इथे आत्ता चारच्या सुमारास सूर्य मावळतो. पाचला बाहेर बघितलं की मध्यरात्र वाटते आणि अजून रात्रीचा स्वयंपाकही व्हायचा असतो. नवरा रुग्णालयात कामाला, म्हणून तो वरच्या खोलीत वेगळा राहतो. ताट जिन्यावर ठेवायचं.

शेजारी ऐंशीच्या पुढच्या एक आजी एकट्या राहतात. लोकरीचं दुकान बंद झालं तेव्हा त्यांनी कुंपणावरून पिशवीभर उरलेली लोकर दिली, त्यात सगळे रंग आणि एकेक मूठभर. मी त्यांना गाजर हलवा दिला. आता रोज अकराला आपापल्या अंगणात खुर्च्या टाकून, कोट-टोप्या घालून पंधरा मिनिटं विणतो. हातमोजे घालून विणता येत नाही, त्यामुळे बोटं गारठली की सभा बरखास्त. त्या मला मोज्याची टाच शिकवताहेत. टाचेचं वळण हा प्रकार ज्याने कुणी शोधला त्याला माझा साष्टांग. सपाट विणता विणता अर्ध्या ओळीतून मागे फिरायचं, परत फिरायचं, आणि एकदम कापडाला खोबण येते.

वाकळ
६ जानेवारी २०२१

धागा छान आहे, पण थोडं वाकडं बोलते.

माझी आजी बार्शीकडची. लोकांच्या गोधड्या शिवायची. बायका जुन्या लुगड्यांचं, धोतरांचं बोचकं आणून टाकायच्या. उन्हाळ्यात अंगण सारवून वाळलं की आजी त्यावर पदर पसरायची, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायची आणि कडेनं धावदोरा घालत आत आत यायची. मजुरी बहुतेक ज्वारीत. पन्नाशीत मान धरली, पुढे डोळे गेले. तिला कुणी विचारलं असतं की आजी, हे करताना मन शांत होतं का, तर ती दाभण घेऊन मागे लागली असती.

आपल्याला यात शांतता सापडते कारण महिनाअखेर पगार खात्यात येतोय. आमच्या गल्लीत एक ताई फॉल-पिको आणि ब्लाउज शिवतात. गेल्या वर्षी लग्नसराई बुडाली तेव्हा त्यांची मशीन दोन महिने झाकलेलीच होती, मग मास्क शिवून कसंबसं निभावलं. त्यांच्यासाठीही सुई-दोराच आहे. एवढंच मांडायचं होतं.

मेतकूट
६ जानेवारी २०२१

बापरे. पटलं, पण आता रुमाल हातात घेताना अपराधी वाटतंय.

दोसुती
६ जानेवारी २०२१

@वाकळ, बोललात ते बरं झालं. पण माझं पूर्ण एकमत नाही. सासूबाईंच्या माहेरीही कशिदा मुलींच्या बोकांडी बसवलेलाच होता, लग्न ठरवायला. तरी त्या पदरावर एका ठिकाणी हत्तींच्या रांगेत एकच हत्ती उलट्या दिशेला तोंड करून आहे. नक्षी चुकली म्हणावं तर बाकी धागान् धागा मोजलेला. मला वाटतं कुणीतरी मुद्दाम केलाय तो. सक्तीच्या कामातही माणूस आपला एक हत्ती काढून घेतो.

फॉल-पिकोवाल्या ताईंचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. कपाटात पडलेल्या साड्यांची कामं आत्ताच नेऊन द्या, सगळ्यांनी. घासाघीस न करता.

वाकळ
६ जानेवारी २०२१

हत्तीचा फोटो टाका.

तर्रीपोहा
७ जानेवारी २०२१

नागपूरकर हजर! आमच्याकडे सध्या सोलेभात, तुरीच्या शेंगा आणि संत्री, त्यामुळे कोरोना असो नसो हिवाळा साजरा होणारच. पण माझी अडचण वेगळी आहे.

लेकीला न्यू जर्सीत ऑगस्टमध्ये मुलगी झाली. बाळंतपणाला मी जाणार होते, व्हिसा होता, तिकीट होतं, आणि मार्चमध्ये विमानंच बंद. नात अजून फोनमध्येच बघते आहे. बाळंतविडा इथून पाठवला: दुपटी, झबली, टोपडी, लोकरीचे मोजे. कुरिअरनं इतके दिवस लावले की मोजे पोचेपर्यंत पाय मोठे झाले. आता पहिली संक्रांत. बोरन्हाण तिकडे करतील, आम्ही स्क्रीनवर बघू. काळं झबलं मी शिवलंय. हलव्याचे दागिने लेकीला नको आहेत, बाळ तोंडात घालेल म्हणते, तेही खरंच. म्हणून झबल्यावरच दागिने भरायचे ठरवलंय: पांढऱ्या दोऱ्याच्या गाठींचा हार, बाजूबंद, कंबरपट्टा. पण काळ्या कापडावर मला काही म्हणता काही दिसत नाही. वय साठ पार. काय करू?

दोसुती
७ जानेवारी २०२१

@तर्रीपोहा, किती सुंदर कल्पना!

मांडीवर पांढरा टॉवेल किंवा पंचा पसरा आणि त्यावर धरून भरा. खालचा पांढरा रंग विणीच्या भोकांतून दिसतो आणि सुई कुठे घालायची ते कळतं. दिवसा खिडकीशी बसा, उजेड डाव्या खांद्यावरून येऊ द्या.

गाठीच्या टाक्याला सहापदरी लडीतले दोन किंवा तीन पदर घ्या, हातभर लांबीचेच. लांब दोरा घेतला की पीळ पडतो आणि गाठ भलतीकडेच बसते. पीळ पडला तर सुई सोडून लोंबकळू द्या, आपोआप उलगडते. सुईवर दोनच वेढे द्यायचे. दोरा जिथून वर आला त्याला अगदी खेटून, पण त्याच भोकात नाही, एखादा धागा सोडून सुई खाली घाला. आणि सुई पूर्ण पार होईपर्यंत डाव्या अंगठ्यानं दोरा ताणून धरा. अंगठा आधी सोडला की गाठीचा गुंता होतो.

मणी-टिकल्या अजिबात लावू नका. आतून मऊ मलमलचं अस्तर द्या, नाहीतर उलट्या बाजूचे दोरे बाळाला टोचतील. घाई करू नका, बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत करतात आणि यंदा ती १९ फेब्रुवारीला आहे.

तर्रीपोहा
७ जानेवारी २०२१

टॉवेलची युक्ती! इतकी वर्षं भरतकाम केलं, कुणी सांगितली नव्हती. बसलेच लगेच.

खगोलवेडा
८ जानेवारी २०२१

मी सुईत दोरासुद्धा ओवत नाही, पण साध्या आनंदांचा विषय निघालाच आहे म्हणून. २१ डिसेंबरची गुरू-शनी युती कुणी बघितली? सूर्यास्तानंतर नैर्ऋत्येला, नुसत्या डोळ्यांनी. चंद्राच्या व्यासाच्या पाचव्या भागाइतके जवळ आले होते, असं याआधी १६२३ साली झालं होतं. आमच्या इमारतीत मार्चपासून एकमेकांना टाळणारी माणसं त्या संध्याकाळी गच्चीवर जमली, लांब लांब उभी राहून. माझ्या छोट्या दुर्बिणीत गुरूचे चंद्र आणि शनीची कडी एकाच चौकटीत दिसली. दर माणसामागे डोळा लावायची जागा सॅनिटायझरनं पुसत होतो. रांगेतल्या एका काकूंनी नंतर निळ्या रुमालावर दोन गाठी भरून आणून दिल्या, पिवळी मोठी आणि फिकी छोटी. तो रुमाल मी वापरत नाही.

मेतकूट
८ जानेवारी २०२१

आम्हाला ढग आडवे आले. त्याऐवजी मावसभावाच्या शेतावर हुरडा खाल्ला, घरचे सहाच जण. आगटीभोवती बसून गरम गरम गुळभेंडी, लसणाची चटणी, वर ताक. सहा फुटांचं अंतर धुरानं पाळायला लावलं.

रानजाई
११ जानेवारी २०२१

बरेच दिवस नुसती वाचते आहे. विचारू की नको असं चाललं होतं.

आई सप्टेंबरात गेली. कोविडनं. रुग्णालयात शेवटचं भेटता आलं नाही. तिच्या पिशवीत बाबांचा स्वेटर अर्धा आहे. करडा रंग, बिनबाह्यांचा. पाठ पूर्ण आहे, पुढचा भाग खालच्या दोन सुलट दोन उलटच्या पट्टीपासून बगलेपर्यंत आलेला. सुया तशाच अडकवलेल्या, दहा नंबरच्या. मला विणता येतं, तिनंच शिकवलं. डिसेंबरात चार ओळी विणून बघितल्या तर जिथून मी सुरू केलं तिथे रेघ दिसते. आईचा हात घट्ट, माझा सैल. त्या चार ओळी उसवल्या. सगळंच उसवून पहिल्यापासून विणावं तर एकसारखं होईल, पण तिचं उसवायला माझा हात होत नाही. काय करतात अशा वेळी?

दोसुती
११ जानेवारी २०२१

@रानजाई, तिचं उसवू नका. कुणीतरी विणकामातलं जाणतं नक्की सांगेल. मी इथेच आहे, व्यनि (खाजगी निरोप) करा वाटलं तर.

लेस्टरकर
१२ जानेवारी २०२१

@रानजाई, सकाळी कुंपणापलीकडच्या आजींना विचारलं. त्यांनी त्यांच्या बहिणीचं अर्धं राहिलेलं काम असंच पूर्ण केलं होतं, त्यामुळे त्यांना एका वाक्यात कळलं.

त्या म्हणाल्या, हात बदलू नको, सुया बदल. आईनं विणलेल्या पाठीवर पट्टी ठेवून चार इंचांत किती टाके बसतात ते मोज, आणि चार इंच उंचीत किती ओळी तेही. मग उरलेल्या लोकरीचा छोटा चौकोन तुझ्या हातानं अकरा नंबरवर विणून बघ. आपल्याकडच्या सुयांत नंबर वाढला की सुई बारीक होते. अकरावरही सैल आला तर बारा. हात आवळून विणायला जाऊ नकोस, दहा ओळींनंतर तो परत सैल होणार आणि मनगट दुखेल ते वेगळंच. लोकर कमी पडणार असेल तर गुंड्यावरच्या कागदी पट्टीवर लॉट नंबर असतो तो बघ. तोच रंग दुसऱ्या लॉटचा आणलास तर ती रेघ जास्त दिसेल.

वाकळ
१२ जानेवारी २०२१

आणि आईची सुई काढायच्या आधी सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा जाड दोरा ओवून घे. सुई बदलताना एखादा टाका सुटला तर खालपर्यंत जाणार नाही.

रानजाई
१२ जानेवारी २०२१

हे सुचलंच नव्हतं. धन्यवाद. मोजून सांगते.

आडवातिडवा
२० जानेवारी २०२१

मंडळी, काल ब्रिस्बेनच्या क्रिकेट कसोटीत काय घडलं ते विणकामाच्या धाग्यावर नोंदवणं माझं कर्तव्य आहे.

ॲडलेडला ३६ला गुंडाळले गेलो तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं. मेलबर्नला रहाणेनं शतक मारलं तेव्हा मफलर चालू होता. तेव्हापासून घरात नियम झाला. काल पहाटे उठून बसलो. ३२८ करायच्या होत्या, आणि तिथल्या गॅबा मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८पासून हरलेली नव्हती. गिल ९१वर गेला तेव्हा मी चहा ओतायला उठलो होतो, ही गोष्ट वडील अजून विसरलेले नाहीत. त्यानंतर मला जागेवरून हलू दिलं नाही. चहा हातात आणून दिला. पंत प्रत्येक चेंडू मारायला जायचा आणि मी जीव मुठीत धरून खांबावर खांब. शेवटचा चौकार गेला तेव्हा पंत नाबाद ८९, आणि मफलर माझ्या उंचीपेक्षा मोठा. शेवटचा वीतभर भाग इतका आवळलाय की लाकडासारखा उभा राहतो. तो उसवणार नाही.

तर्रीपोहा
२० जानेवारी २०२१

मफलर संग्रहालयात ठेवा हो!

आमच्या इकडे आणखी एक आनंद: पुतणी परिचारिका आहे, तिला लस मिळाली. १६ तारखेला सुरू झाल्या ना, पहिल्या काही दिवसांतच तिचा नंबर लागला. हात दुखतोय म्हणते, बाकी ठणठणीत.

रानजाई
३१ जानेवारी २०२१

अकरावर जमलं. रेघ दिवसा उजेडात, शोधली तर दिसते. लोकर पुरली. बाबांना काल अंगाला लावून दाखवला. ते बराच वेळ पाठीवरून हात फिरवत होते, मग म्हणाले, गळा मोठा ठेव, तुझी आई नेहमी लहान करायची, डोकं अडकतं. तर गळा उसवून मोठा करते आहे. लेस्टरच्या आजींना माझा नमस्कार सांगा.

लेस्टरकर
१ फेब्रुवारी २०२१

सांगितला. त्यांनी विचारलंय, बाबांचं डोकं किती इंच?

मेतकूट
२ फेब्रुवारी २०२१

@वाकळ, एक विचारायचं होतं. आईच्या जुन्या सुती साड्या आहेत, गोधडी शिवायची म्हणते. किती पदर घ्यावेत?

वाकळ
२ फेब्रुवारी २०२१

साड्या आधी दोनदा धुऊन कडक उन्हात वाळवा, खळ राहिली की सुई जात नाही. वरची आणि खालची साडी धड घ्या, विरलेल्या मध्ये घाला. मऊ साड्या असतील तर मध्ये तीन पुरे, जास्त घेतल्या तर धुताना पाण्यानं इतकी जड होते की पिळायला दोन माणसं लागतात. काठ कापून फेकू नका, कडेची पट्टी त्याचीच करा. जमिनीवर पसरून आधी मोठमोठे कच्चे टाके घाला, मधून कडेकडे, म्हणजे चुणी बाहेर निघते. मग पक्का धावदोरा कडेपासून आत. दोन ओळींत बोटभर अंतर. सरळ आल्या नाहीत तरी बिघडत नाही, अंतर सारखं ठेवा. तासाभरानं उठून मान वळवा, हे मात्र सक्तीचं.

मी पण एक घेतली आहे सध्या. शांतता वगैरे नाही. आजीच्या दाभणाला गंज चढत होता म्हणून.

दोसुती
२ फेब्रुवारी २०२१

फोटो टाका.

तर्रीपोहा
२१ फेब्रुवारी २०२१

बोरन्हाण झालं! तिकडे बाहेर गुडघाभर बर्फ, त्यामुळे बोरांऐवजी द्राक्षं आणि चुरमुरे. झबलं बरोबर बसलं. नातीनं पहिल्या पाच मिनिटांत सगळा हार तोंडात घालून चोखला, पण एकही गाठ सुटली नाही. इकडे आम्ही सगळे स्क्रीनसमोर रात्री साडेनऊला औक्षणाचं तबक घेऊन. अमरावतीची नणंद येणार होती, पण तिकडे उद्यापासून परत लॉकडाउन लागतोय, तिनं घरूनच ओवाळलं.

नाशिककर_बाबा
२३ फेब्रुवारी २०२१

धागा आज एका बैठकीत वाचला. नऊ वर्षांच्या मुलाला यातलं काही शिकवायचं आहे, ऑनलाइन शाळेनं त्याचे डोळे आणि माझं डोकं दोन्ही शिणलंय. कशापासून सुरुवात करू?

दोसुती
२३ फेब्रुवारी २०२१

फुलीच्या टाक्यापासून. मॅटीचं कापड, बोथट टोकाची सुई, लाकडी रिंग आणि त्याच्या आवडीच्या रंगाच्या दोन लड्या. चौकटीच्या वहीवर त्याला आधी गाडी किंवा डायनासोर काढू द्या, एक चौकट म्हणजे एक फुली. सगळ्या फुल्यांचा वरचा टाका एकाच दिशेला हवा, एवढं सांगा. मॅटी मिळालं नाही तर जाड दोसुती कापड घ्या, मेन रोडला विचारून बघा.

आडवातिडवा
२३ फेब्रुवारी २०२१

डायनासोरचा फोटो टाका.